कोल्हापूरहून दोन दिवसांत मुलांना सागरी जीवसृष्टी दाखवायची आहे: रत्नागिरी की मालवण?

पंचगंगाकाठ:

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राहतो. घरात १२ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा, आम्ही दोघे आणि माझे सासरे असे पाच जण आहोत. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात किंवा डिसेंबरमध्ये शनिवार-रविवार काढून केवळ समुद्रातील प्राण्यांची ओळख व्हावी एवढ्याच हेतूने एक सहल करावी, असा आमचा विचार आहे. गणपतीपुळे आणि तारकर्ली आम्ही पूर्वी पाहिली आहेत. पण त्या सहली विश्रांतीसाठी होत्या, ही अभ्यासासाठी हवी आहे.

गावात भरलेल्या एका प्रदर्शनात मुलीने काचेच्या बोगद्यातून मासे पाहिले आणि तेव्हापासून तिचे प्रश्न थांबलेले नाहीत. मासा झोपतो का, पोवळे हा दगड आहे की झाड, समुद्राचे पाणी खारट असताना माशाला तहान कशी लागत नाही, असे ते प्रश्न आहेत. धाकट्याला खेकड्यांपलीकडे सध्या कशातही रस नाही. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे ते फार चालू शकत नाहीत, परंतु मुलांना काहीही समजावून सांगण्याची त्यांना मनापासून आवड आहे आणि त्यांना हॉटेलच्या खोलीत बसवून आम्ही फिरावे, हे आम्हांला पटत नाही.

आमच्यापैकी कोणालाही पोहता येत नाही. अशा स्थितीत रत्नागिरी बरी की मालवण? दोन दिवसांत नेमके काय पाहावे, आणि जाण्यापूर्वी मुलांची घरी काही तयारी करून घेता येईल का? ज्यांना या विषयाची खरी माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खडप:

पंचगंगाकाठताई, नमस्कार. मी मत्स्यशास्त्र शिकलो आहे आणि रत्नागिरीत राहतो. ठिकाण ठरवण्याच्या आधी तुम्ही तिथी ठरवावी, असे मला सुचवायचे आहे, कारण या सहलीचे यश रत्नागिरी किंवा मालवण यांपेक्षा ओहोटी किती वाजता आहे यावर अधिक अवलंबून राहील.

समुद्रातील प्राणी पाहण्यासाठी समुद्रात उतरावेच लागते असे नाही. दिवसातून दोनदा समुद्र आपणहून मागे सरतो आणि एरवी पाण्याखाली असणारी खडपे, म्हणजे किनाऱ्यालगतचे खडक, काही काळ उघडी पडतात. त्या खडपांमधल्या डबक्यांत जे प्राणी अडकून राहतात किंवा तिथेच कायमचे राहतात, ते पोहता न येणाऱ्या ७ वर्षांच्या मुलालाही वाकून पाहता येतात. कोकणातली जुनी माणसे तिथीला पाऊणने गुणून भरतीची ढोबळ वेळ काढतात. पौर्णिमेला किंवा अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा होते. म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती आणि तिच्या आधी व नंतर साधारण सहा तासांनी, पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास, पूर्ण ओहोटी असते. ही वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत जाते. त्यामुळे द्वितीयेला किंवा तृतीयेला सकाळची ओहोटी सात ते आठच्या दरम्यान येते, उजेड भरपूर असतो, ऊन कोवळे असते आणि उधाणाचा, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीचा, जोरही अजून टिकून असतो. मुलांसाठी याहून चांगली वेळ नाही. उलट अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे कमी जोराच्या भरती-ओहोटीला, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही, त्यामुळे सर्वांत खालचा आणि सर्वांत समृद्ध पट्टा उघडाच पडत नाही. शनिवार-रविवार निवडताना म्हणूनच कालनिर्णय समोर ठेवून पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया ज्या रविवारी येते तो रविवार धरावा. हा हिशेब ढोबळ आहे. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे आणि त्या बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक अवश्य पाहावे. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खडपांवर पोहोचावे आणि पाणी पुन्हा वळू लागले की, मुलांनी कितीही आग्रह केला तरी, परत फिरावे.

रत्नागिरीजवळ आरे-वारे येथे वाळूच्या दोन्ही टोकांना असे खडक आहेत. तिथे वरून खाली उतरताना मुलांना एक गोष्ट मुद्दाम दाखवावी: प्राणी खडकावर कसेही विखुरलेले नसतात, त्यांचे थर असतात. सर्वांत वर, जिथे पाणी थोडाच वेळ पोहोचते, तिथे पांढुरक्या, खरखरीत कवचांचे बार्नेकल दिसतात. त्यांना लोक शिंपला समजतात, पण ते खेकडा आणि कोळंबी यांच्या कुळातले आहेत. लहानपणी ते पाण्यात तरंगत हिंडतात, मग डोक्याच्या बाजूने खडकाला कायमचे चिकटतात आणि उरलेले आयुष्य पायांनी अन्न गोळा करून जगतात. ही एक गोष्ट सांगितली की तुमचा धाकटा खेकड्यांकडून आपोआप पुढे सरकेल. त्याखाली कालवे, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे शिंपले, लागतात. त्यांच्या कडा सुरीप्रमाणे कापतात, म्हणून अनवाणी चालू नये, मागे पट्टा असलेली रबरी तळाची पादत्राणे घालावीत. आणखी खाली, डबक्यांच्या काठाला, समुद्रफुले (सी ॲनिमोनी हे प्राणी) असतात. पाणी ओसरलेले असले की ती अंग आखडून चिकट गोळ्यासारखी होतात आणि शेजारच्याच डबक्यात, पाण्याखाली, पूर्ण उमललेली दिसतात. मुलीला ही दोन्ही रूपे जवळजवळ दाखवली तर तो एकच प्राणी आहे हे तिला स्वतः ओळखता येईल. दगडांच्या खालच्या बाजूला स्पंज, नळीत राहणारे कृमी आणि कधी बारीक हातांचे तारामासे असतात. दगड उलटलाच तर तो जसा होता तसाच परत ठेवला पाहिजे, कारण खालच्या बाजूचे प्राणी उन्हात तासाभरातही मरतात.

दुसरे ठिकाण म्हणजे रत्नागिरीतील झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र. १९५८ मध्ये सुरू झालेले हे केंद्र आज दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथे जिवंत माशांच्या टाक्या आहेत, जतन केलेल्या नमुन्यांचे संग्रहालय आहे आणि देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. सांगाड्यासमोर उभे राहून मुलांना सांगावे की देवमासा हा मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो आणि त्याच्या वल्ह्यासारख्या पुढच्या अवयवात आपल्या दंडाची, मनगटाची आणि बोटांची जी हाडे असतात तीच हाडे असतात. भेटीची वेळ आणि सुट्टीचा दिवस आधी दूरध्वनीवरून विचारून घ्यावा.

आता मुलीचे प्रश्न. मासे विश्रांती घेतात, पण बहुतेकांना पापण्या नसल्यामुळे त्यांचे डोळे उघडेच दिसतात. पोवळे हा प्राणी आहे; समुद्रफुलाचाच तो नातेवाईक. हजारो सूक्ष्म प्राणी एकमेकांना जोडून राहतात, आपल्याखाली चुन्याचा सांगाडा रचतात आणि त्यांपैकी पुष्कळ जातींच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहून त्यांना अन्न पुरवते. पाणी फार तापले की हे शैवाल निघून जाते आणि पोवळे पांढरे पडते. तहानेचा प्रश्न मला सर्वांत आवडला. हाडाचा सांगाडा असलेले समुद्री मासे खारे पाणी सतत पितात आणि जादा मीठ कल्ल्यांतील विशेष पेशींमधून बाहेर टाकतात. पंचगंगेतल्या माशाचे याच्या नेमके उलट असते: आजूबाजूचे गोडे पाणी त्याच्या शरीरात आपोआप शिरत राहते, म्हणून तो जवळजवळ पाणी पीतच नाही आणि पातळ लघवीवाटे ते सतत बाहेर टाकत राहतो.

शाहूपुरीची शिक्षिका:

खडप यांनी तिथीचा जो हिशेब दिला आहे तो मी उतरून घेतला. मी कोल्हापुरात शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून तयारीविषयी लिहिते. ही तयारी तुम्हांला गावातच, आदल्या रविवारी, करता येईल.

आपल्या मासळी बाजारात कोकणातून समुद्राची मासळी येते. मुलांना सकाळी लवकर तिथे न्यावे आणि मासे विकत घेण्याआधी पाहू द्यावेत. बांगड्याची पाठ गडद हिरवट-निळी आणि पोट चंदेरी असते. वरून पाहणाऱ्या पक्ष्याला तो खोल पाण्यात दिसू नये आणि खालून पाहणाऱ्या मोठ्या माशाला तो उजेडात दिसू नये, अशी ती योजना आहे. लेप हा मासा मिळाला तर त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला आहेत हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याचे डोळे इतर माशांप्रमाणे दोन बाजूंना असतात. वाढताना एक डोळा डोक्यावरून दुसऱ्या बाजूला सरकतो आणि मग तो आयुष्यभर तळावर आडवा पडून राहतो. मुशी (लहान शार्क) आणि पाकट (चपटा रे मासा) यांच्या शरीरात हाडे नसतात, कूर्चा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीत असते तसे लवचीक ऊतक, असते, आणि मुशीच्या कातडीवरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवले तर ती कानसेप्रमाणे खरखरीत लागते. ढोमा घेतलात तर त्याचे डोके टाकू नका. त्यात कानाच्या जागी दोन पांढरे खडे असतात, ते त्याला तोल सांभाळायला उपयोगी पडतात, आणि त्या खड्यांवरच्या वलयांवरून शास्त्रज्ञ माशाचे वय काढतात. माझ्या विद्यार्थ्यांना या खड्यांइतके दुसऱ्या कशाचेच नवल वाटत नाही.

धाकट्याच्या हातात मोजपट्टी द्यावी. पापलेट हा २०२३ मध्ये आपला राज्य मासा म्हणून जाहीर झाला, कारण अंडी घालण्याच्या वयाला पोहोचण्यापूर्वीच फार मासे पकडले जाऊ लागले होते. राज्य शासनाने ५४ जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले आहे आणि चंदेरी पापलेटासाठी ते १३५ मिलिमीटर आहे. बाजारातली पापलेटे त्याहून मोठी आहेत की लहान हे ७ वर्षांचे मूल सहज मोजू शकते, आणि मोजलेली गोष्ट त्याच्या लक्षात राहते.

रत्नागिरीला निघालात तर आंबा घाटाच्या माथ्यावर दहा मिनिटे थांबावे आणि नकाशा उघडावा. घाटमाथ्याच्या आपल्या बाजूचे पाणी कडवी नदीतून वारणेला, वारणेतून कृष्णेला आणि तिथून पार बंगालच्या उपसागराला जाते. घाट उतरून साखरप्याला पोहोचलात की काजळी नदी भेटते. ती मात्र थोडक्या अंतरात रत्नागिरीच्या भाट्ये खाडीत अरबी समुद्राला मिळते. एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाचे पाणी दोन वेगळ्या समुद्रांत जाते, हे वर्गात फळ्यावर सांगून जेवढे समजत नाही तेवढे तिथे उभे राहून समजते. नदी जिथे समुद्राला मिळते त्या खाडीतच पुष्कळ समुद्री माशांची पिल्ले वाढतात, म्हणून रत्नागिरीत खाडीकाठही पाहावा.

माहेर मालवण:

मी मूळची मालवणची, लग्नानंतर कोल्हापुरात आले. त्यामुळे माझे झुकते माप मालवणला आहे. तरीही शक्य तितके नीट लिहिते.

कोल्हापूरहून मालवण राधानगरी-फोंडा घाट मार्गे दीडशे किलोमीटरहून थोडे अधिक पडते, रत्नागिरी आंबा घाटाने सुमारे १३० किलोमीटर. फरक मोठा नाही, परंतु घाटातला वेळ आणि सासऱ्यांचे गुडघे धरता तो जाणवेल. मालवणची गोष्ट वेगळी आहे ती तिथल्या अभयारण्यामुळे. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा २९ चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्या वेळी गावातल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला होता, कारण ज्या पाण्यावर त्यांचे पोट चालत होते त्याच पाण्याच्या मर्यादा आता कागदावर आखल्या जात होत्या. मुलांना अभयारण्य दाखवताना ही बाजूही सांगावी. समुद्राचे रक्षण आणि समुद्रावर जगणारी माणसे यांचा मेळ घालणे अवघड आहे, हे १२ वर्षांच्या मुलीला नक्की कळते.

पोहता येत नसले तरी मालवणात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. गावातल्या रॉक गार्डनच्या खालचे खडक ओहोटीला उघडे पडतात आणि तिथल्या डबक्यांत जिवंत पोवळ्यांचे लहान लहान गोळे दिसतात. त्यांवर पाय पडता कामा नये. किल्ल्यावर होडीने जाताना उतरण्याच्या जागी तटाच्या पायथ्याकडे पाहावे. १६६४ मध्ये ज्याचे बांधकाम सुरू झाले त्या तटाच्या दगडांवर कालवे आणि बार्नेकल यांनी घर केलेले आहे. पावसाळ्यात या होड्या बंद असतात, तुमच्या महिन्यात त्या चालू असतील.

पण मला सर्वांत जास्त सुचवावीशी वाटते ती रापण. होडीतून जाळे अर्धगोलात समुद्रात सोडतात आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावर उभे असलेले लोक दोन बाजूंनी ओढत आणतात. ओढायला वेळ लागतो, पण जाळे काठाशी आले की त्यात बांगडे, पेडवे (लहान तारली), कुर्ल्या (खेकडे), म्हाकूल (स्क्विड), एखादे पाकट, कधी जेलीफिश असे सगळे जिवंत एकत्र पाहायला मिळते. कोणत्याही टाकीत एवढी विविधता एका वेळी दिसत नाही. किनाऱ्यावर बसून पाहता येते, त्यामुळे सासऱ्यांनाही त्रास नाही. रापण कधी लागेल हे मात्र मासळीवर आणि वाऱ्यावर अवलंबून असते. आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या माणसांना विचारून ठेवावे. जाळे ओढताना मध्ये जाऊ नये, छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे, आणि मुलांना दोर धरावासा वाटला तर तेही विचारावे; बहुधा कोणी नाही म्हणत नाही. जाळ्यातल्या पाकटाला आणि जेलीफिशला हात लावू देऊ नका. जेलीफिशचा दंश झालाच तर जागा चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावी आणि डॉक्टरांकडे जावे.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे खाडीच्या चिखलात निवट्या दिसतात. त्या मासेच आहेत, पण चिखलात पुढच्या परांवर सरपटत चालतात आणि अंग ओले असेपर्यंत कातडीतून श्वास घेऊ शकतात. धाकट्यासाठी शेजारीच एक नांगी भलीमोठी आणि एक बारीक असलेले खेकडेही असतात. मोठी नांगी फक्त नराला असते आणि ती हलवून तो मादीला बोलावतो आणि इतर नरांना दूर ठेवतो.

निळाई:

वरची सर्व माहिती उत्तम आहे, परंतु एक मत मांडावेसे वाटते. पोवळ्यांची खरी कल्पना पाण्याखाली पाहिल्याशिवाय येत नाही. मालवणला तरंगण्याचे जाकीट घालून, प्रशिक्षकाचा हात धरून, चेहरा पाण्यात घालून पाहण्यासाठी पोहता येण्याची गरज नसते. स्कुबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्यासाठी, साधारण १० वर्षांची अट असते, तीही तुमच्या मुलीने ओलांडलेली आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तिथले पाणी त्यातल्या त्यात निवळ असते. ज्या मुलीला एवढे प्रश्न पडतात तिला हा अनुभव नाकारू नये. शासनाच्या पर्यटन महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीला आहे, तिथे चौकशी करता येईल.

खडप:

निळाई यांच्या मताचा मी आदर करतो, परंतु पहिल्याच सहलीत हे करू नये असे मला वाटते. पाण्यात पहिल्यांदा उतरणाऱ्या मुलाचे सगळे लक्ष श्वासाकडे आणि भीतीकडे असते. प्राण्यांकडे ते नंतर जाते. शिवाय काही ठिकाणी पर्यटकांना मासे जवळ दिसावेत म्हणून पाण्यात पाव किंवा बिस्किटे टाकली जातात. त्यामुळे माशांचा थवा येतो खरा, पण तो माशाचा स्वभाव नसून सवय लावलेली असते, आणि पोवळ्यांवर वाढणारे शैवाल खाण्याचे त्यांचे नेहमीचे काम मागे पडते. मुलगी आधी खडपांवर समुद्रफूल आणि पोवळे ओळखायला शिकली, जलतरण तलावात तरंगायला शिकली, आणि मग पाण्यात उतरली, तर तिला तिथे दहापट दिसेल. उतरताना जिथे अन्न टाकत नाहीत आणि पोवळ्यांवर उभे राहू देत नाहीत अशीच माणसे निवडावीत. डॉल्फिन पाहण्यासाठीही हेच लागू आहे. आपल्या किनाऱ्याजवळ दिसणारे कुबडवाले डॉल्फिन श्वास घेण्यासाठी वर येतात. होडी दूर थांबवून इंजिन मंद ठेवले तर ते दिसतातच, पाठलाग केला तर बुडी मारून लांब जातात.

पंचगंगाकाठ:

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. घरात सर्वांनी मिळून उत्तरे वाचली. या वेळी रत्नागिरी करावी असे ठरते आहे: शनिवारी पहाटे निघून आंबा घाटाच्या माथ्यावर थांबायचे, दुपारी झाडगावचे संग्रहालय, आणि रविवारी सकाळी द्वितीयेच्या ओहोटीला आरे-वारे. मालवण आणि रापण उन्हाळ्याच्या आधी, निवांतपणे करू. मुलीला मी जलतरण तलावात घालणार आहे, ही मागणी तिनेच केली.

दोन शंका उरल्या आहेत. खडपांवर सासऱ्यांना नेता येणार नाही हे उघड आहे. त्या वेळी ते मुलांबरोबर काय पाहू शकतील? आणि दुसरे, मुलांना शंख-शिंपले गोळा करून आणायचे आहेत. कोणते आणावेत, कोणते आणू नयेत?

माहेर मालवण:

ताई, बाबांसाठी सपाट वाळूचा किनारा निवडा. रत्नागिरीत भाट्येचा किनारा लांबच लांब आणि सपाट आहे. शनिवारी संध्याकाळी पाणी उतरत असताना तिथे घडीची खुर्ची टाकून त्यांना बसवावे. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल. ती अगदी लहान खेकड्यांची आहे. ते वाळू तोंडात घेऊन तिच्यातले अन्न वेगळे करतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. हालचाल जाणवली की ते क्षणात बिळात जातात, पण कोणी स्थिर बसून राहिले तर काही मिनिटांत पुन्हा बाहेर येतात. यासाठी लागणारा धीर मुलांपेक्षा आजोबांकडे अधिक असतो, त्यामुळे हा भाग त्यांच्याकडेच सोपवावा. लाटांनी आणून टाकलेल्या कचऱ्यात पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा तुकडा सापडला तर तो म्हाकुलाच्या जातीतल्या प्राण्याच्या शरीरातला असतो. आयुर्वेदात त्याला समुद्रफेन म्हणतात, बाबांना नाव ठाऊक असेल. त्याच्या बारीक कप्प्यांतला वायू आणि पाणी कमी-जास्त करून तो प्राणी पाण्यात वर-खाली होतो.

खडप:

शंख-शिंपल्यांबद्दल माझी विनंती अशी की या सहलीत काहीच आणू नये. पोवळे, समुद्रघोडे, समुद्रकाकडी आणि शंखांच्या काही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, त्यांचे मेलेले तुकडेही नेता येत नाहीत, आणि कोणती जात संरक्षित आहे हे किनाऱ्यावर उभे राहून ठरवणे सोपे नसते. दुसरे कारण मुलांना अधिक पटेल. मऊ पोटाचा शंखखेकडा स्वतःचे कवच तयार करू शकत नाही. तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो आणि वाढला की मोठ्या शंखात घर बदलतो. डबक्यात एखादा शंख चालताना दिसला तर तो हाच असतो. आपण उचललेला प्रत्येक चांगला शंख त्याच्या वाट्यातून कमी होतो. शंकूच्या आकाराचे सुंदर नक्षीचे शंख तर हातातच घेऊ नयेत. त्यातल्या गोगलगायी विषारी दंश करतात.

त्याऐवजी मुलीला चित्रवही आणि पेन्सिल द्या. एका डबक्यापाशी अर्धा तास बसून तिने फक्त तेवढे एक डबके काढावे: कोण कुठे चिकटले आहे, कोण हलते आहे, कोणता प्राणी उन्हात आहे आणि कोणता सावलीत. धाकट्याने मोबाइलवर छायाचित्रे काढावीत, शेजारी ती बाजारातली मोजपट्टी ठेवून. ती आयनॅचरलिस्ट या विनामूल्य संकेतस्थळावर ठिकाण आणि तारखेसह टाकली तर जाणकार लोक प्राणी ओळखून नाव कळवतात आणि नोंद अभ्यासकांच्या उपयोगी पडते.

आणखी एक. नोव्हेंबरपासून आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येऊ लागतात. रत्नागिरी तालुक्यात पूर्णगडजवळच्या गावखडीला त्यांची घरटी जपली जातात. अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात, म्हणून तुमच्या या फेरीत ती दिसण्याची शक्यता कमी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणार असाल तर आधी वन विभागाकडे चौकशी करून या. वाळूच्या तापमानावरून पिल्लू नर होणार की मादी हे ठरते, हे मुलीला आत्ताच सांगून ठेवा, तिचे पुढचे प्रश्न त्यातूनच निघतील. किनाऱ्यावर एखादे जखमी किंवा जाळ्यात गुरफटलेले कासव आढळले तर ते पाण्यात ढकलू नये. सावली करावी, गर्दी हटवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.